भिंतीपलीकडे कोणी, कोणाचे पाहावे?

बंद दाराआड काय चालले आहे हे दार न उघडता पाहण्याची विद्या आता जगभरच्या सैन्यांच्या आणि पोलिसांच्या हाती आली आहे. भिंतीपलीकडचे टिपणारे रडार हे त्या विद्येचे साधन. आपल्या संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या बंगळुरू येथील रडार प्रयोगशाळेने असे जे उपकरण विकसित केले, त्याचे नाव ‘दिव्यचक्षु’ ठेवण्यात आले. नाव परंपरेला साजेसे आहे. पण परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी ती नीट आठवावी. महाभारतात संजयाला दिव्यदृष्टी मिळाली ती आंधळ्या राजाला रणभूमीवरील सत्य सांगण्यासाठी. प्रजेच्या माजघरात डोकावून राजाच्या कानी लागण्यासाठी ती मिळालेली नव्हती. हा फरक लहान नाही, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. यंत्राला यंत्र म्हणून विरोध करणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. प्रश्न यंत्राच्या मालकीचा, त्यावरील नियंत्रणाचा आणि त्याच्या उपयोगाचा प्राधान्यक्रम कोण ठरवतो याचा असतो. हातमाग आणि गिरणी यांच्या वादात आपण हेच म्हणत आलो. पर्ससीनच्या वादात मालवणचा रापणकर हेच म्हणत आला. रडारच्या बाबतीतही वेगळे म्हणण्याचे कारण नाही.

यंत्र काय पाहते?

आधी यंत्र काय करते ते समजून घेऊ. कारण अज्ञानातून निर्माण झालेली भीती आणि अज्ञानातून निर्माण झालेली भक्ती या दोन्ही गोष्टी सत्ताधाऱ्यांच्या सोयीच्या असतात. डोळ्याला दिसणारा प्रकाश भिंतीवर अडतो, परंतु काही सेंटिमीटर ते काही डेसिमीटर लांबीच्या रेडिओलहरी वीट, लाकूड, कौल, काँक्रीट यांतून काही अंशी पार जातात. घरातला आकाशवाणीचा संच दार लावल्यावरही वाजत राहतो, त्याच तत्त्वावर. रडार अशा लहरींचे अत्यंत अल्पकाळाचे स्पंद भिंतीवर सोडते, पलीकडील वस्तूंवर आपटून परतलेला क्षीण प्रतिध्वनी पकडते आणि त्याला लागलेल्या वेळावरून अंतर मोजते. ही लहर एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. त्यावरून हे मोजमाप किती सूक्ष्म असावे लागते याची कल्पना येईल. एक गिगाहर्ट्‌झ रुंदीचा लहरपट्टा वापरला, तर एकमेकांमागे १५ सेंटिमीटरवर असलेल्या दोन वस्तू कशाबशा वेगळ्या ओळखता येतात. म्हणजे पडद्यावर छायाचित्र उमटत नाही; उमटतात ते डाग आणि सावल्या. परंतु यंत्राची खरी ताकद चित्रात नाही, हालचाल ओळखण्यात आहे. माणूस अगदी स्तब्ध बसला तरी श्वासागणिक त्याची छाती काही मिलिमीटर वर-खाली होते. तेवढी हालचाल या यंत्राला पुरते. भिंतीआड कोणी जिवंत आहे काय, किती जण आहेत, कोठे आहेत, हे ते सांगू शकते.

त्याच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. धातूच्या पत्र्याआड ते पाहू शकत नाही. ओल हा त्याचा शत्रू आहे, कारण पाणी या लहरी शोषून घेते. आपल्या सिंधुदुर्गातील चिऱ्याची दीड हात जाडीची भिंत आषाढात पाणी पिऊन उभी असते, तेव्हा तिच्यापुढे यंत्राची दृष्टी बरीच मंदावणार हे उघड आहे. शिवाय त्याला हालचाल दिसते, माणूस कोण ते कळत नाही. पडद्यावरचा डाग दबा धरून बसलेल्या बंदूकधाऱ्याचा आहे की खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्याचा, हे ठरवतो तो यंत्र हाताळणारा. आणि त्याच्या डोक्यात ज्या वस्तीविषयी जो पूर्वग्रह असेल, तो त्या डागाला अर्थ देत असतो.

प्राण वाचवणारा उपयोग

या विद्येचा एक उपयोग असा आहे की त्यापुढे नतमस्तक व्हावे. २०१५ सालच्या नेपाळच्या भूकंपात चौतारा या गावी ढिगाऱ्याखाली गाडल्या गेलेल्या चौघांच्या हृदयाची स्पंदने अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेने विकसित केलेल्या एका लहानशा रडारने टिपली, आणि ते चौघे जिवंत बाहेर आले. त्यांच्यावर काही फुटांचा विटामातीचा थर होता.

आता आपल्या कोकणाकडे आणि सह्याद्रीकडे पाहा. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराखाली गेले. १५१ माणसे मेली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाच मजल्यांची इमारत कोसळली. १६ जण मेले, आणि चार वर्षांचा एक मुलगा सुमारे १९ तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. ती ठाकर आदिवासींची वाडी होती. तेथे धड रस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रसामग्री वर नेणे अशक्य झाले. चिखलाच्या अशा राशीपुढे रडारनेही फार काही केले असते असा दावा मी करणार नाही. ओल्या मातीत ते अधू होते हे वर सांगितलेच आहे. परंतु एक प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची महाराष्ट्रातील तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे असते. तेथून मालवण किंवा वैभववाडी गाठायची तर घाट उतरून यावे लागते, आणि जेव्हा गरज पडते तेव्हा बहुधा घाटच बंद असतो. ढिगाऱ्याखालील माणसाचे आयुष्य तासांत मोजले जाते. मग जेथे दर पावसाळ्यात डोंगर खचतो, तेथे हे प्राणरक्षक रडार तालुक्याच्या ठिकाणी, आणि ते चालवू शकणारे चार स्थानिक तरुण गावोगाव, अशी मागणी आपण आजवर का केली नाही?

यंत्राच्या भक्तीत मात्र पडू नये. उत्तरकाशीजवळच्या सिलक्यारा बोगद्यात १२ नोव्हेंबर २०२३ रोजी ४१ कामगार अडकले. त्यावेळी जमिनीत पाहणाऱ्या रडारने ढिगाऱ्याची तपासणी झाली. पुढील सुमारे पाच मीटरांत धातूचा अडथळा नाही असे जाहीर करण्यात आले, आणि थोड्याच वेळात छिद्र पाडणारे महागडे यंत्र धातूत अडकून निकामी झाले. शेवटचे काही मीटर कोणी खोदले? उंदराच्या बिळासारख्या अरुंद खाणीत उतरून कोळसा काढणाऱ्या मजुरांनी, हातांनी. १७ दिवसांनी ते ४१ जण बाहेर आले ते त्या हातांमुळे. यंत्र चुकले म्हणून कोणी त्याला दोष दिला नाही, आणि ते योग्यच झाले. पण हेच यंत्र जेव्हा एखाद्या घराच्या भिंतीला लावले जाईल आणि ‘आत हत्यारबंद माणूस आहे’ असा चुकीचा निर्वाळा त्याच्या आधारे दिला जाईल, तेव्हा त्या चुकीची किंमत कोण मोजील?

पाळतीचे अर्थशास्त्र

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. ताजमध्ये आणि नरिमन हाऊसमध्ये जवानांना खोलीमागून खोली आंधळेपणाने लढवावी लागली. ओलीस कोठे आणि मारेकरी कोठे हे भिंतीबाहेरून कळले असते तर जवानांचे आणि ओलिसांचे प्राण वाचण्याची शक्यता होती. अशा प्रसंगी या रडारच्या उपयोगास कोणाही शहाण्या माणसाची हरकत असणार नाही. २०१७ साली अशी रडारे परदेशातून आणून काश्मीरमधील मोहिमांत वापरली जात असल्याची वृत्तेही आली होती. परंतु आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला एक नियम ठाऊक असतो : अपवादात्मक प्रसंगासाठी घेतलेले साधन स्वस्त झाले की ते नित्याच्या वापरात उतरते. अमेरिकेत हेच घडले. सैन्यासाठी तयार झालेली हातात मावणारी रडारे सुमारे सहा हजार डॉलरांत मिळू लागली, आणि जानेवारी २०१५ मध्ये तेथील एका वृत्तपत्राने उघडकीस आणले की किमान ५० पोलीसयंत्रणा दोनेक वर्षे ती वापरत होत्या. जनतेला त्याचा पत्ताही नव्हता.

या मुद्द्याचा गाभा खर्चात आहे. जुन्या काळी एखाद्या घरावर पाळत ठेवायची तर चार शिपाई दिवसरात्र नेमावे लागत. त्यांचा पगार, भत्ता, त्यांच्या गैरहजेरीने अडलेली इतर कामे, एवढा भार पोलीस खात्यावर पडे. त्यामुळे सरकार दहा घरांवर नजर ठेवू शके, दहा हजारांवर नव्हे. नागरिकाच्या स्वातंत्र्याचे रक्षण घटनेतील कलमे करीत, तसेच ते नकळत हा खर्चही करीत असे. खर्चाची ती भिंत घटनेत लिहिलेली नव्हती, म्हणून ती ढासळताना कोणी शोक केला नाही. पाळतीचा सीमांत खर्च शून्याकडे झुकू लागला, की आजवर न परवडल्यामुळे जे टळत होते ते सर्व परवडू लागते. अशा वेळी तंत्रज्ञानाने पाडलेली भिंत कायद्याने पुन्हा उभारावी लागते. ती उभारण्याचे काम बाजार करणार नाही आणि नोकरशाहीही करणार नाही. ते विधिमंडळाला, आणि विधिमंडळ करीत नसेल तर रस्त्यावरच्या चळवळीला करावे लागते.

कायद्याची फट

आपल्या देशात या विषयाचा इतिहास बोलका आहे. उत्तर प्रदेशात खडकसिंग नावाच्या इसमावर दरोड्याचा आळ आला आणि पुराव्याअभावी तो सुटला. तरीही पोलीस त्याच्या घरी रात्री-अपरात्री येत, दार ठोठावत, त्याला झोपेतून उठवत. १९६२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या; परंतु खासगीपणाचा असा हक्क घटनेत नाही, असेही बहुमताने सांगितले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी त्या बाबतीत भिन्नमत नोंदवले. ते भिन्नमत खरे ठरायला ५५ वर्षे जावी लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले आणि त्यावर बंधन घालायचे तर कायदा हवा, हेतू वैध हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा अशा कसोट्या लावल्या.

आता या कसोट्या रडारला लावून पाहा. पहिलीच अट कायद्याची. भिंतीपलीकडे पाहणाऱ्या यंत्राचा वापर कोणी, कोणाच्या परवानगीने, किती काळ करावा हे सांगणारा कायदा भारतात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०३ झडतीविषयी सांगते की वस्तीतील दोन वा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवावेत, घरधन्याला हजर राहू द्यावे. कलम १०५ झडतीचे चित्रमुद्रण करावयास सांगते. या सर्व तरतुदींमागे गृहीत हे आहे की झडती घेणारा उंबरठा ओलांडतो. जो उंबरठा न ओलांडताच पाहतो त्याच्यासाठी पंच कोठले आणि पंचनामा कोठला? घरधन्याला झडती झाल्याचेच कळत नाही. मग तो तक्रार काय करणार?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली काइलो खटल्यात, रस्त्यावरून उष्णतामापक कॅमेरा घरावर रोखणे हीदेखील झडतीच होय आणि त्यासाठी वॉरंट हवे, असा निर्णय दिला. त्यावेळी विकसित होत असलेल्या भिंतभेदी रडारचा उल्लेखही त्या निकालपत्राच्या तळटिपेत आहे. निर्णय पाच विरुद्ध चार असा, म्हणजे काठावरचा. आणि त्यातही जे साधन सर्वसामान्यांच्या वापरात आलेले नाही त्याच्यापुरतेच हे संरक्षण आहे. उद्या ते बाजारात मिळू लागले तर काय, याचे उत्तर तेथे नाही. तरीही तेथे एक गोष्ट आहे जी येथे नाही. बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा अमेरिकेत सामान्यतः बाद होतो. आपल्याकडे पूरणमल खटल्यात १९७३ सालीच ठरून गेले आहे की झडती बेकायदा असली तरी केवळ तेवढ्यावरून पुरावा बाद होत नाही. म्हणजे चोरून पाहणाऱ्याला येथे ना परवान्याची अडचण, ना पुरावा वाया जाण्याची धास्ती.

‘ज्याने काही लपवलेले नाही त्याला भिण्याचे काय कारण?’ हा प्रश्न मध्यमवर्गीय दिवाणखान्यात नेहमी विचारला जातो. त्याला उत्तर आपल्याच इतिहासाने दिले आहे. १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत होते. दर काही दिवसांनी घर बदलायचे, यंत्र हलवायचे, पुन्हा प्रसारण करायचे, असा तो खेळ होता. कोणाच्या तरी चार भिंतींनी त्यांना आसरा दिला म्हणून स्वातंत्र्याचा आवाज तीन महिने चालू राहिला. त्या भिंतीआड ‘काही लपवलेले’ होते, यात शंका नाही. जे लपवले होते ते भारताचे स्वातंत्र्य होते. आणीबाणीत या किनाऱ्याचे खासदार आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक मधु दंडवते तुरुंगात होते, आणि बाहेर राहिलेले कार्यकर्ते कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या पडवीत रात्री काढीत होते. राज्यकर्ता नेहमीच न्यायी असेल असे ज्याला वाटते त्याने भिंती काचेच्या बांधाव्यात. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ‘कडव्या डाव्या’ संघटनांचे नाव पुढे करून विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. त्यातील बेकायदा कृत्याची व्याख्या इतकी सैल आहे की मोर्चाची तयारी करणारी बैठकही तीत बसवता येईल. ज्या काळात असे कायदे होतात त्याच काळात भिंतभेदी यंत्रे स्वस्त होत आहेत, हे कार्यकर्त्यांनी एकत्र वाचले पाहिजे.

मालवणचा धडा

आता मालवणकडे वळतो; कारण राज्यसंस्थेला नेमके काय दिसत नाही याचा धडा या किनाऱ्याने साऱ्या देशाला दिला आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदलदिनी, राजकोट येथे पंतप्रधानांच्या हस्ते शिवछत्रपतींच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. समोर १६६४ साली पाया घातलेला सिंधुदुर्ग किल्ला समुद्राचे तडाखे खात साडेतीनशे वर्षे उभा आहे. पुतळा नऊ महिनेही टिकला नाही. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. ताशी ४५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचे कारण त्यावेळी पुढे करण्यात आले. ज्या किनाऱ्यावर दर मिरगात याहून मोठे वारे कौले उडवून नेतात, तेथील शेंबडे पोरही या खुलाशावर हसले. पुढे चौकशी अहवालातून गंज, सदोष जोडकाम आणि कमकुवत सांगाडा ही कारणे समोर आल्याचे प्रसिद्ध झाले.

कोणी म्हणेल, पुतळ्याच्या पोटातील गंज पाहायला रडार हवे होते. नाही. धातूच्या कवचाआड रडार पाहू शकत नाही हे वर आलेच आहे. आणि त्याची गरजही नव्हती. पुतळा पडण्याच्या सहा दिवस आधी, २० ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मालवण कार्यालयातून पत्र गेले होते की पावसाने आणि खाऱ्या वाऱ्याने नटबोल्ट गंजत आहेत. गंज नुसत्या डोळ्यांना दिसला होता, कागदावर आला होता आणि संबंधितांना कळवलाही गेला होता. उणीव दृष्टीची नव्हती. पाहिलेले मानण्याची आणि त्याची जबाबदारी घेण्याची इच्छा नव्हती.

यापुढचा योगायोग तर कोणा नाटककारालाही सुचला नसता. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या समारंभात, पंतप्रधानांनी पुतळा कोसळल्याबद्दल माफी मागितली. त्याच समारंभात देशातील एक लाख मासेमारी नौकांवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. तिचा खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. वादळात सापडलेल्या नौकेला किनाऱ्याशी बोलता येईल, हा तिचा चांगला भाग आहे आणि तो मी नाकारीत नाही. पण त्या एका व्यासपीठावर राज्यसंस्थेचे दोन्ही डोळे दिसून आले. एका डोळ्याला खोल समुद्रातील प्रत्येक होडी दिसावी अशी व्यवस्था झाली, आणि दुसऱ्या डोळ्याला स्वतःच उभारलेल्या पुतळ्याचा गंज दिसला नाही म्हणून क्षमा मागावी लागली.

मासेमारीचेही तेच. प्रखर दिवे लावून मासेमारी करण्यास केंद्राने २०१७ साली बंदी घातली. पर्ससीनवर राज्याने २०१६ साली निर्बंध आणले आणि २०२१ साली कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवला. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनची गस्तही सुरू झाली. पारंपरिक मच्छीमारांनी कारवाईची मागणी केली होती, तेव्हा ड्रोनला आमचा विरोध नाही; समुद्र हे कोणाचे माजघर नव्हे. परंतु अंधाऱ्या रात्री क्षितिजावर पसरलेला त्या दिव्यांचा उजेड दांडीच्या पुळणीवरून म्हाताऱ्या माणसालाही दिसतो. तो पाहायला आकाशातून डोळा कशाला हवा? दिसण्यापासून कारवाई होण्यापर्यंतचे अंतर भांडवल आणि सत्ता यांच्या सलगीने व्यापलेले आहे. ते कोणत्याही लहरीने ओलांडता येत नाही.

दुसरी भिंत

गेल्या पावसाळ्यात मासेमारी बंद असताना वायरीकडच्या एका घराच्या पडवीत आम्ही चारसहा जण बसलो होतो. या रडारची गोष्ट मी सांगितली. जाळे दुरुस्त करीत बसलेली घरची वृद्धा ऐकत होती. ती मान वर न करताच म्हणाली, “आमच्या घरातला तेंका दिसता, मग तेंच्या कचेरीतला आमका कित्याक दिसणा नाय?” राज्यशास्त्राचे कितीतरी ग्रंथ मी वाचले आहेत, प्रश्न इतका नेमका मांडलेला माझ्या वाचनात आला नाही.

कारण त्याच काळात दुसरी एक भिंत जाड होत आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कचेरीच्या भिंतीला खिडकी पाडली होती. कंत्राट कोणाला दिले, बिल कोणी मंजूर केले, लाभार्थींच्या यादीत कोणाची नावे आहेत, हे गावातला मास्तरही विचारू लागला होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकारातील कलम ८(१)(ज) बदलले आणि वैयक्तिक माहिती म्हटली की ती नाकारण्याची मुभा अधिकाऱ्याला दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही दुरुस्ती अंमलात आली. सार्वजनिक कामाशी संबंध असेल तर माहिती द्यावी, ही त्या कलमातील जुनी कसोटी गेली. कलम ८(२) अद्याप शिल्लक आहे असे समर्थक सांगतात. ते खरे आहे. पण त्यामुळे जनहित सिद्ध करण्याचे ओझे विचारणाऱ्याच्या डोक्यावर आले, हेही तितकेच खरे. आणि याच कायद्याचे कलम १७(२) सुरक्षेच्या नावाखाली सरकारला आपल्या यंत्रणांना कायद्यातूनच सूट देण्याचा अधिकार देते. खासगीपणाचे कवच अधिकाऱ्याला मिळाले आणि नागरिकाच्या अंगावरून ते काढून घेण्यात आले. लोकशाहीत सत्ता पारदर्शक असावी आणि नागरिकाचे घर अपारदर्शक. येथे हा नियम उलटा फिरवला जात आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी पुढील चार मागण्या घेऊन गावोगाव जावे असे मी सुचवतो. पहिली, भिंतीपलीकडे पाहणाऱ्या कोणत्याही यंत्राचा घरावरील वापर ही कायद्याने झडतीच मानली जावी आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या वॉरंटाविना ती होऊ नये. ओलिसांची सुटका किंवा ढिगाऱ्याखालील माणसाचा शोध यांसारखा प्राण वाचवण्याचा प्रसंग एवढाच त्याला अपवाद असावा, आणि त्याचीही नोंद नंतर न्यायालयापुढे यावी. दुसरी, परवान्याविना मिळवलेला असा पुरावा न्यायालयात अग्राह्य ठरावा. तिसरी, कोणत्या खात्याने अशी किती यंत्रे घेतली आणि किती वेळा वापरली याचा अहवाल दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवला जावा. तसेच माहिती अधिकाराची मोडलेली खिडकी पूर्ववत करावी. आणि चौथी, जी माझ्या मते सर्वांत निकडीची आहे : दरडप्रवण आणि किनारी तालुक्यांत जीवशोधक रडार आणि ते चालवणारी प्रशिक्षित स्थानिक पथके ठेवावीत, आणि पूल, शाळा, धरणे, पुतळे अशा प्रत्येक सार्वजनिक बांधकामाच्या तपासणीचा अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवावा. सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. काँक्रीटच्या पोटातील पोकळी आणि गंजती सळई शोधण्यात हेच रडार वाकबगार आहे. त्याला त्या कामी लावा.

यांतली एकही मागणी विज्ञानाच्या विरोधी नाही. दिव्यचक्षु हवाच आहे. तो कोठे रोखायचा एवढाच वाद आहे. धृतराष्ट्राजवळ संजय होता, रणभूमीचा वृत्तान्त त्याला क्षणोक्षणी मिळत होता, आणि तरीही तो आंधळाच राहिला, कारण जे ऐकू येत होते ते त्याला ऐकायचे नव्हते. ज्या सत्तेला आपल्याच कार्यालयातून गेलेले पत्र वाचता येत नाही, तिला गरिबाच्या माजघरातले पाहण्याचा अधिकार कोणत्या तोंडाने मागता येईल? पडवीतल्या त्या वृद्धेच्या प्रश्नाला जोवर उत्तर मिळत नाही, तोवर आपल्या चिऱ्याच्या भिंती सांभाळण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.